अकरा वर्षं माझ्या नाकात

धाकट्या जावेच्या नाकातली हिऱ्याची चमकी मी काढली. दीर गेले त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "थोरली ना तू, तूच काढ." एवढं सगळ्यांना माहीत आहे. माझा हात थरथरला नाही, हे कुणाला माहीत नाही. तिच्या लग्नापासून त्या हिऱ्यावर माझा डोळा होता. तिचा माहेरचा हिरा, माझा साधा खडा. तेराव्यानंतर सासूबाईंनी ती चमकी माझ्या हातावर ठेवली, तेव्हा मी तोंडदेखलंसुद्धा नको म्हटलं नाही. अकरा वर्षं, गावी गेले की, तिच्या डोळ्यांसमोर मिरवली. आमच्या दीपनगरच्या कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, शोभते हो तुम्हाला. मी हसायची.

गेल्या वर्षी सासूबाईही गेल्या. दिवाळीआधी मी जावेला चोपड्याकडच्या आमच्या गावाहून जळगावला बोलावलं. नवी चमकी घेऊन देते म्हटलं. स्पष्टच लिहिते, मला मोठेपणाही हवा होता आणि तिची जुनी चमकीही सोडायची नव्हती.

"बठ्ठा गाव काय म्हनी, अक्का?" तिनं दुकानाच्या दारात विचारलं.

"म्हनू दे."

दुकानातल्या माणसानं हिऱ्यांच्या पुड्या उलगडल्या. जावेकडे बघून म्हणाला, "वहिनी, मिस्टरांना व्हिडिओ कॉल लावून दाखवा ना."

"त्या वर ग्यात, भाऊ. तठे रेंज नही."

तो गडबडला. मोठे हिरे हळूच बाजूला सारून मोहरीएवढे पुढे केले. "हे नाकात कळूनसुद्धा येत नाहीत."

"लपवायचं असतं तर आलो कशाला?" मी म्हटलं. "मोठे काढा."

दिव्याखाली सगळेच हिरे चमकतात, म्हणून पांढऱ्या कागदावर ते घेऊन आम्ही तिघं बाहेर पायरीवर आलो. जाव एकेक निरखत होती. हा पिवळट, याच्यात डाग. शेवटी तिनं कागद त्याच्या हातात परत दिला आणि माझ्या नाकाकडे बघितलं.

"आठे इतला हिरा शेतस, अक्का. पन माले मनीज दे."

अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतःची चमकी मागितली. आणि मी? तेव्हाही पळवाट शोधली. "तुझं भोक बुजलं असेल गं."

"बुजू दिधं नही."

मग तिनं सांगितलं, केळीच्या बागेत एकटी काम करताना ती नाकात कडुनिंबाची काडी घालून ठेवायची. दाट पानांखाली कोण बघतंय? घरी येताना काढून टाकायची. आमच्यातल्या कुणालाही पत्ता नव्हता.

फिरकी घट्ट बसली होती. भर बाजारात, पायरीवर उभं राहून मी ती सोडवली. काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं चमकी पदरानं पुसली आणि आरसा न मागता नाकात घातली.

"मग तुम्हाला दाखवू एखादी?" दुकानातला माणूस म्हणाला.

"नको."

मोकळ्या नाकानं घरी आले. कॉलनीत विचारतात, हरवली का? मी सांगते, माझी नव्हतीच, जिची होती तिला दिली. पहिल्या दिवशी नवरा म्हणाला, "बरं दिसत नाही असं."

मी म्हटलं, "तिचं अकरा वर्षं बरं दिसत होतं का?"