साहेब, माझ्या लेकराला आत ठिवा

ती बाई ठाण्यात आली तो दिवस निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेला नाही. उमरगा भागातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. या हकिकतीतल्या कोणाचंही नाव लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं अजून त्याच हायवेवर चहा पितात.

ठाण्यात आया येतात त्या पोराला सोडवायला. रडतात, पाया पडतात, 'माझं लेकरू तसलं न्हाय' म्हणतात. या बाईचं सगळं उलटं होतं. ठाणे अंमलदाराने तिला दोनदा बाहेरच्या बाकावर बसवलं. मग ती कोणाला न विचारता माझ्या केबिनमध्ये शिरली.

"साहेब, माझ्या लेकराला रविवारपतोर आत ठिवा. भाकर म्या आणून दीन."

"काय केलंय त्यानं?"

"कायबी न्हाय."

"मग आत कसा ठेवणार? त्याला गुन्हा लागतो, बाई."

"मग कंचा करायला सांगू त्याला? हलकासा सांगा एखादा."

दारातला अंमलदार हसला. मलाही हसू आलं होतं, पण बाईचा चेहरा बघून ते जागच्या जागी विरलं. ती पोराला वाचवायलाच आली होती, फक्त तिला दुसरी जागा माहीत नव्हती.

तिचा मुलगा पैसे घेऊन लढणारा बॉक्सर होता. नवरा ट्रकवर, सदा बाहेर. पोराने ओळीने लढती जिंकल्या होत्या, तालुक्यात नाव झालं होतं. रविवारी उमरग्यातच मंडप घालून मोठी लढत होती; समोर राज्याच्या सीमेपलीकडच्या एका बड्या व्यापाऱ्याचा मुलगा.

"हैदराबादला सराव करताना डोस्क्यावर मार बसून पडलाय त्यो," बाई म्हणाली. "तवापासनं लई झोपतोय. उठला की ओकतोय. परवा मला आत्या म्हनला, साहेब. दवाखान्यात चल म्हनलं तर म्हनतो, दादा म्हनलेत काय होत न्हाय."

हा 'दादा' म्हणजे त्याचा मॅनेजर.

मी पोराला बोलावून घेतलं. अंगाने खणखणीत, बोलायला अदबशीर. म्हणाला, "आई उगं भेती, साहेब. दादांनी मला घडवलंय. करारात लिवलंय, ऐन टायमाला माघार घेतली तर दंड माझ्यावर. आन् ही जिंकली की मुंबईची मोठी लढत हाय." चहा आला. त्याने अर्धा प्यायला आणि कप टेबलावर ठेवला. म्हणजे त्याला वाटलं टेबलावर ठेवला; कप टेबलाच्या अलीकडे, हवेत सुटला आणि फुटला. तो लाजला, तुकडे गोळा करायला वाकला आणि टेबलाची कड धरून बराच वेळ तसाच राहिला.

पण करायचं काय? पोरगा सज्ञान, स्वतःहून लढायला तयार. दुसऱ्या दिवशी मॅनेजर बंदोबस्ताच्या अर्जासाठी आला तेव्हा त्याचे कागद चोख होते. पोरगा तंदुरुस्त असल्याचा डॉक्टरी दाखलासुद्धा होता. गळ्यात चेन, बोलणं साखरेचं. माझा अनुभव असा, की ज्याचे कागद न मागता बाहेर येतात त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघावं. मी बघितलं, पण हाती काही लागलं नाही. अर्ज टेबलावर ठेवून घेतला आणि 'कळवतो' म्हणालो. एवढंच माझ्या हातात होतं.

लढत दोन दिवसांवर आली तेव्हा आमचा एक हवालदार धापा टाकत केबिनमध्ये आला. व्यसनमुक्तीचा फ्लेक्स छापायला मी त्याला पाठवलं होतं. आमच्याकडे फ्लेक्सशिवाय पान हलत नाही. बारशापासून बदलीपर्यंत सगळं चौकात टांगलं जातं आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग लागते. त्या रांगेत आपला फोटो नाही म्हणून भाऊबंदकीची भांडणं ठाण्यापर्यंत आलेली मी मिटवली आहेत.

"साहेब, लढत व्हायच्या आधीच निकाल लागलाय," हवालदार म्हणाला. "दुकानात व्यापाऱ्याच्या पोराच्या विजयाचा फ्लेक्स छापून तयार हाय. आन् खाली शुभेच्छुकांत बघा कोन हाय ते."

पंचांसमक्ष तो फ्लेक्स ताब्यात घेतला, केबिनच्या फरशीवर पसरला आणि मॅनेजरला बोलावलं. तो आला, खाली बघितलं, पण डगमगला नाही.

"कार्यकर्त्यांचा उत्साह असतो, साहेब. आधीच छापतात."

"छापू देत की. पण खालच्या रांगेत हात जोडून तू काय करतोयस? तुझा पोरगा हरल्यावर तू अभिनंदन कोणाचं करणार?"

त्याने फोटोकडे बघितलं. स्वतःचा फोटो बघून माणसाचा चेहरा इतका पडलेला मी दुसऱ्यांदा पाहिलेला नाही. खुर्ची ओढून तो न विचारता बसला. चौकशीत गप्प बसणं हे अर्धं काम असतं.

"शेठनी फोटो मागितला," तो शेवटी पुटपुटला. "न्हाय म्हनवलं न्हाय. एवढा मोठा फ्लेक्स..."

मग तो हळूहळू उलगडत गेला. मला या खेळातलं काही कळत नव्हतं, त्यानेच समजावलं. प्रमोटर म्हणजे लढत भरवणारा, मॅनेजर म्हणजे बॉक्सरच्या बाजूने भांडून त्याला चार पैसे जास्त मिळवून देणारा. इथे प्रमोटर होता व्यापारी, स्वतःच्या मुलाला मोठं करायला निघालेला. आणि पोराच्या बाजूने भांडायचा मॅनेजर त्यालाच सामील; कुंपणच शेत खायला बसलं होतं. व्यापाऱ्याला मुलासाठी असा गडी हवा होता, की ज्याला हरवलं तर नाव होईल, पण जो हरेल याची खात्री असेल.

"मग ह्याच्यापरीस चांगला कोन?" मॅनेजर म्हणाला. "रेकॉर्ड कोरं करकरीत, एक हार न्हाय. आन् डोस्कं..." तो थांबला.

"डोकं काय?"

हैदराबादेत जड वजनाच्या गड्यांना सरावासाठी त्याने या पोराला भाड्याने दिलं होतं. ते पैसे पोराला कळलेही नाहीत. पडल्यावर तिथल्या डॉक्टरने मेंदूची तपासणी करा, तोवर लढू देऊ नका, असं बजावलं होतं. मॅनेजरने ते दाबलं आणि दुसरीकडून दाखला आणला.

"आणि ते रेकॉर्ड? ते तरी खरं का?"

"सुरुवातीचं आमीच घडवून आणतो, साहेब. पैसे घिऊन पडनारी मानसं मिळत्यात. पोराला सांगत न्हाय, त्याचा जोर जातो. धंदा हाय ह्यो."

हे तो भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होता. "पोरगा आत्ता कुठं आहे?" मी विचारलं.

"शेडवर. सराव चालू असंल."

"सरावात ठोसे मारतात?"

"मारत्यात की."

जीप काढली. हायवेवर ट्रकांची रांग लागली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. ते अंतर एरवी चहा थंड व्हायच्या आत कापलं जायचं. त्या दुपारी ते सरेना. त्या बाईला काय तोंड दाखवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शेवटी जीप सोडून आम्ही शेतातून पळालो. शेडमध्ये पोरगा हातात मोजे चढवून उभा होता आणि समोरचा गडी सज्ज होता. मी वर्दीतच दोघांच्या मध्ये घुसलो. पोरगा चिडला, "साहेब, तुमाला अधिकार न्हाय," म्हणाला, आणि एवढं बोलून भिंतीला धरून ओकला.

आईला घेऊन त्याला सोलापूरला हलवलं. कवटीच्या आत रक्त साकळलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक ठोसा बसला असता तर इथवर आणायची गरज पडली नसती. आई शस्त्रक्रियेच्या दाराशी फरशीवर बसून होती. मी शेजारच्या बाकावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. आतून माणूस बाहेर आला की आम्ही दोघंही त्याच्या तोंडाकडे बघायचो.

पोरगा वाचला. बॉक्सिंग मात्र कायमचं बंद झालं. लढत रद्द झाली, मॅनेजर आणि व्यापाऱ्यावर गुन्हा दाखल झाला, दोघं यथावकाश जामिनावर बाहेर आले. खटला चालायचा तसा चालला.

मी जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो तेव्हा पोराच्या डोक्याला पट्टी होती आणि आई उशाशी मोसंबी सोलत होती. मॅनेजरने या लढतीत केलेला दगा त्याला कळला होता. मला वाटलं, तो शिव्या देईल, पैशाचं विचारील. त्याने विचारलं ते वेगळंच.

"साहेब, आधीच्या तेवढ्या तरी म्या खऱ्याच जिंकल्या होत्या ना?"

मॅनेजरचा जबाब माझ्या हातातल्या फाईलमध्येच होता. आईचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली.

"जिंकल्या होत्यास," मी म्हणालो. "सगळ्या."

चोरी उघडकीला आली की आम्ही मुद्देमाल हस्तगत करतो, पंचनामा करतो आणि कोर्टाच्या हुकमाने मालकाला परत देतो. दागिने दिलेत, मोटारसायकली दिल्यात, एकदा बैलजोडीसुद्धा दिली. या पोराचं जे नेलं होतं ते कोणाच्या घरझडतीत सापडणार नव्हतं. म्हणून मी ते माझ्याच पदरचं दिलं, आणि मला त्याचा आजवर पश्चात्ताप झालेला नाही.