मिशीवाल्यांची बाळंतखोली

आमच्या घरात मासा येतो तो पिशवीतून आणि संपतो तो ताटात. त्यामुळे नवऱ्याच्या ऑफिसातला मित्र बदली होऊन दुसऱ्या गावी गेला आणि जाताना त्याची काचेची टाकी आमच्या घाटकोपरच्या दोन खोल्यांत ठेवून गेला, तेव्हा मी भडकलेच. मी, नवरा आणि सासरे एवढी तीनच माणसं, पण तेवढ्यांनाही घर पुरत नाही. त्यात टीव्हीशेजारी ही दोन फुटी टाकी, आणि तिच्या तळाशी वाळू हुंगत फिरणारे बोटभर लांबीचे पाच मासे. प्रत्येकाला मिशा.

"शिंगाळ्याची जात," सासरे म्हणाले. आम्ही मूळचे मालवणकडचे, शिंगाळा आम्हाला कालवणातला माहीत.

"एवढ्याशाचं सार तरी होईल का?" मी विचारलं. ते हसले नाहीत. खुर्ची ओढून टाकीसमोर बसले, आणि त्या दिवसापासून त्यांची बसायची जागा तीच झाली.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, उमेदीची सगळी वर्षं साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लेथवर काढली. एक सूत इकडचं तिकडे झालं की तुकडा भंगारात, असं ते काम. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी उजव्या हाताला कंप सुरू झाला. चहाचा कप अर्धाच भरायचा, दाढी नवऱ्याने करून द्यायची, असं सगळं हळूहळू ठरत गेलं. ते त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत, पण पाहुणे आले की हात मांडीखाली दाबून बसत. मला ते बघवायचं नाही, आणि बघवलं नाही की माझी चिडचिड व्हायची. स्वभाव, दुसरं काय.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "गो, हय ये. काचेर बघ."

काचेला आतून भिजवलेल्या बारीक साबुदाण्यासारखे दाणे चिकटले होते. मादी पोटाखालच्या पंखांच्या ओंजळीत अंडी धरून वर आणते आणि काचेला चिकटवते, हे त्यांनी स्वतः बसून पाहिलं होतं. आता ती हलवायला हवी होती, कारण आईबापच ती खाऊन टाकतात. मी म्हटलं, द्या, मी काढते. मी काढलेली पहिली दोन फुटली. मग बाबांनी बाही वर केली आणि अंगठा काचेवर टेकवला. अंगठा थरथरत होता आणि त्या बारीक थरथरीनेच एकेक अंडं अलगद सुटत होतं. एकही फुटलं नाही.

"बघ, फुकट जाणा नाय," ते म्हणाले. इतक्या दिवसांत हाताबद्दल ते पहिल्यांदाच काही बोलले होते.

आईस्क्रीमचा रिकामा डबा ही बाळंतखोली झाली. त्यात हवेच्या पंपाची नळी सोडली, आणि बुरशी धरू नये म्हणून सोसायटीच्या बदामाचं एक वाळकं पान. पानामुळे पाणी कोऱ्या चहासारखं झालं. पांढरं पडलेलं अंडं ते रोज टूथपिकने बाजूला काढत. चौथ्या दिवशी डब्यात दोन डोळे आणि एक शेपटी असलेले काही जीव वळवळायला लागले. बाबा भिंग घेऊन मोजायला बसले. पिल्लं हलायची, त्यांचा आकडा चुकायचा, ते पुन्हा एकपासून सुरू करायचे. अठ्ठावीस. पहिले दोन दिवस त्यांना काही द्यायचं नसतं, पोटाशी पिवळी शिदोरी बांधूनच ती जन्माला येतात.

त्यानंतरचं खाणं म्हणजे उकडलेल्या अंड्याचा बलक, मलमलमधून गाळून, पाण्यात कालवून, ड्रॉपरने एकेक थेंब. थेंब जास्त पडला की पाणी नासतं आणि पिल्लं जातात. थरथरत्या हाताने एक थेंब सोडायचा कसा? मला वाटलं, हे आता माझ्याकडेच येणार. पण बाबांनी कपाटातला तारेचा हँगर घेतला, पक्कडीने वाकवला, डब्याच्या काठावर बसेल असा टेकू केला आणि ड्रॉपर त्यात बसवला. आता हात कितीही थरथरला तरी ड्रॉपर हलत नव्हता. फक्त रबरी टोपी दाबायची. ते पाहिलं आणि मला माझा सासरा फार आवडला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण या माणसाने वर्कशॉपात काय केलं असेल ते मला त्या हँगरने दाखवलं.

नवव्या-दहाव्या दिवशी पिल्लांना मिशा दिसायला लागल्या. नवरा ऑफिसातून आला की चपला काढायच्या आधी भिंग मागायचा. मीसुद्धा भाजी फोडणीला टाकून मधेच बघून यायचे, पण हे मी कोणाला सांगितलं नाही.

रोज अर्धं पाणी बदलायचं काम माझं, कारण तांब्या बाबांना धरता येत नसे. नळाचं ताजं पाणी चालत नाही, त्यातल्या औषधाने पिल्लं मरतात. म्हणून बाबा आदल्या दिवशी एक बादली भरून ठेवायला लावत. "शिळा पाणी," ते बजावत. "शिळाच घाल हां." पाणी बदलून झालं की "देव बरे करो तुझा" म्हणत, हे त्यांचं मालवणी थँक्यू.

मग सोसायटीची टाकी साफ करायचा दिवस आला. नळ बंद, मोरीत भांड्यांचा ढीग, आणि मला उष्टी भांडी पडलेली खपत नाहीत. मी बाबांची बादली घेतली आणि भांडी घासून मोकळी झाले. पिल्लांचं पाणी बदलायची वेळ आली तेव्हा आठवलं. बाबा आत आडवे झाले होते. मी ओट्यावर बघितलं. तांब्याचा हंडा भरलेला. रात्री भरून ठेवायचा आणि सकाळी अनशापोटी प्यायचं, तब्येतीला उत्तम, म्हणून ते पाणी मी सगळ्यांना सक्तीने पाजते. हंडा चिंचेने घासून मी कालच लखलखीत केला होता. शिळं म्हणाल तर शिळं, आणि घरातलं सगळ्यात चांगलं पाणी. बाळांना तेच घातलं. वर स्वतःवर खूशही झाले.

दुसऱ्या सकाळी डब्यात चार पिल्लं जिवंत होती. चोवीस तळाशी.

बाबांनी भिंग लावून एकेक पिल्लू पाहिलं. मग म्हणाले, "बलक जास्त पडलो. टोपी दाबताना हात हललो असतलो." त्यांनी टेकू काढून ठेवला. उरलेल्या चौघांना खायला घालायला नवऱ्याला सांगितलं. दोन दिवसांनी म्हणाले, "टाकी कोणाक तरी देऊन टाक." आणि त्याच आठवड्यात, शर्टाची बटणं ते आजवर झगडून का होईना स्वतः लावत, तीही त्यांनी नवऱ्यासमोर उभं राहून लावून घेतली.

चौघांना काही औषध मिळतं का विचारायला मी कुर्ल्याच्या मासेवाल्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी पाणी कुठलं ते विचारलं. मी सांगितलं.

"तांब्याचं?" तो म्हणाला. "ताई, वाट लावली ना तुम्ही! तांब्याने मोठा मासा पण आटपतो, ही तर बाळं. आणि मिशीवाल्यांना तर ते जास्तच बाधतं."

मी घरी आले आणि गप्प बसले. एक दिवस नव्हे, चार दिवस. घरात शिस्त आणि स्वच्छता यांवर भाषणं देणारी मी, माझ्या तोंडाने हे कसं सांगायचं? मेलेली तर परत येणार नव्हती. पण पाचव्या दिवशी नवरा बाबांना घास भरवायला लागला आणि बाबांनी निमूट तोंड उघडलं. मला स्वतःची एवढी लाज वाटली की हातातली वाटी मी तशीच खाली ठेवली.

"बाबा, तुमच्या हाताने नाही मेली ती," मी म्हटलं. "मी मारली." बादली, भांडी, हंडा, दुकानदार, चार दिवस गप्प बसले ते, सगळं सांगितलं. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती.

"खरा सांगतंस?" बाबांनी विचारलं.

"खरं."

"माका बरा वाटूचा म्हणान नाय ना सांगणंस?"

"नाही बाबा."

"म्हणजे थेंब बरोबर पडत होते?"

"एकूण एक," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "तुमची शपथ, मीच मारली चोवीसच्या चोवीस."

त्यांचेही डोळे भरले. थरथरता हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "देव बरे करो तुझा."