कवळीवालीने कोच शोधला

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ती एकवीस वर्षं कवळ्या करत होती. पुढच्या खोलीत डॉक्टर लोकांची तोंडं तपासायचे आणि मागे ही त्या तोंडांचे प्लास्टरचे साचे पुढ्यात मांडून मेणात एकेक दात बसवायची. माणूस दिसायच्या आधी तिला त्याचा जबडा दिसायचा. त्यामुळे असेल, पण कुणाच्या हसण्यावर भाळणं तिला कधी जमलं नाही. कुणी तोंडभर हसलं की यातले खरे किती आणि बसवलेले किती, याच हिशेबात ती असायची. नवरा म्हणायचा, "तुझं नाक जन्मतःच मुरडलेलं आहे." ती म्हणायची, "मग लग्नाआधी सरळ करून घ्यायचं होतं."

अशा बाईला चव्वेचाळिसाव्या वर्षी ट्रायथलॉन करायची बुद्धी झाली, ती धाकट्या दिरामुळे. दिराने साडेसातशे मीटर पोहून, वीस किलोमीटर सायकल चालवून आणि पाच किलोमीटर धावून एक मेडल मिळवलं होतं. शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला ते मिळतं ही माहिती त्याने घरात कुणाला दिली नव्हती. आठ दिवस तो शर्यतीचाच शर्ट घालून हिंडत होता. जेवताना म्हणाला, "वहिनी, तुम्ही बघायला तरी यायला हवं होतं. करायला सांगत नाहीये मी. दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसाला ते झेपणारं नाही."

तो स्वतः एका ऑफिसात चाकांच्या खुर्चीवर बसायचा आणि पाणी प्यायलासुद्धा त्या खुर्चीवरूनच सरकत जायचा.

"कधी आहे पुढची?" तिने विचारलं.

"वर्षाने. का?"

"काही नाही. भाजी घ्या, भाऊजी."

यामागे काही थोर कारण शोधायला जाऊ नये. तिला दिराची जिरवायची होती.

पहिला कोच दिराचाच. त्याच्या हॉलमध्ये तीन भिंतींवर त्याचेच फोटो होते आणि चौथ्या भिंतीला आरसा, म्हणजे तिकडेही तोच. पहिल्या दिवशी तो पाऊण तास बोलला. मर्यादा मनात असतात, थकवा मनात असतो, वयही मनात असतं. तिचं वय किती, झोप किती, आधी कधी धावली आहे का, यातलं त्याने काहीही विचारलं नाही. विचारायला तो मध्ये थांबलाच नाही. निघताना पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुमच्यात आग आहे." ती मनात म्हणाली, आग नाही रे, तुझं ऐकून डोकं तापलंय.

पण कामात कुचराई तिला माहीत नव्हती. फोनवर वेळापत्रक आलं, ते तिने ओट्याशेजारी चिकटवलं आणि सात आठवडे त्यातली एक ओळ चुकवली नाही. धावणं, सायकल, पोहणं आणि रोज वीस मिनिटं डाव्या खांद्याचे व्यायाम. खांद्याचे व्यायाम कशाला ते तिला कळत नव्हतं, पण कोच सांगतोय म्हणजे काहीतरी असेल, असं आयुष्यात पहिल्यांदाच तिने कुणाबद्दल मानलं. सातव्या आठवड्यात उजवी नडगी ठणकायला लागली. तिने कोचला सांगितलं.

"दुखणं मनात असतं," कोच म्हणाला.

"माझ्या मनाला नडगी नाही."

तो हसला. सगळे दात खरे होते, पण पांढरे करून घेतलेले. म्हणाला, "अजून थोडं ढकला."

तिने आणखी चार दिवस ढकललं. पाचव्या दिवशी जिना उतरता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर होती. आठ आठवडे धावणं बंद. ती पाय उशीवर ठेवून बसलेली असताना दीर चौकशीला आला आणि ओट्याजवळचं वेळापत्रक बघून म्हणाला, "अरे, हे तर माझंच आहे."

"तुमचं कसं?"

"हे काय, डाव्या खांद्याचे व्यायाम. माझा खांदा गेल्या वर्षी निखळला होता ना."

सात आठवडे ती दिराच्या खांद्याचा व्यायाम करत होती. नवऱ्याला हसू आवरेना. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाहेर जाऊन हसला.

आठ आठवडे तिला विचार करायला मोकळे मिळाले, आणि विचार ती कवळीसारखाच करायची. कवळी नीट बसली की नाही हे करणाऱ्याला विचारून उपयोग नसतो, तो नेहमी छानच म्हणणार. घालून जेवणाऱ्याला विचारावं. आणि ज्याने ती काढून कपाटात टाकली त्याला तर आधी विचारावं. डॉक्टरांनी पोहायची परवानगी दिली होती. तेव्हा ती रोज सकाळी तरणतलावाच्या कपडे बदलायच्या खोलीत लाकडी बाकावर बसायची आणि ओळख असो नसो, कुठल्याही बाईला विचारायची, "कोच कोण? आधी कोण होता? का सोडला?" आठवड्याभरात तिला तिथे सगळे कवळीवाली म्हणून ओळखायला लागले.

ऐकायला मिळालं ते असं. एका कोचच्या सगळ्या शिष्यांना त्याने कुठे कितवा नंबर काढला ते तोंडपाठ होतं, पण आपलं स्वतःचं काय चुकतं ते एकीलाही सांगता येईना. दुसरा सगळ्यांनाच "जबरदस्त" म्हणायचा. त्याची एक शिष्या दीड वर्ष जबरदस्त पोहत होती आणि अजून तिला तलावाची एक फेरी न थांबता पुरी करता येत नव्हती. तिसऱ्याकडे यंत्रं होती. तो हृदयाचे ठोके, पावलं, झोप, घाम, सगळं मोजायचा. त्याला सोडून आलेली बाई म्हणाली, "माझी आई गेली त्या आठवड्यात त्याचा निरोप आला, तुमचे आकडे घसरलेत."

मग एके दिवशी एक बसचालक बाई केस पुसता पुसता म्हणाली, "मी सोडला नाही. मला हाकललं."

"कुणी?"

"हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या बाईंनी. मी दोन पाळ्या करत होते आणि सात तास झोपते म्हणून थापा मारत होते. त्यांनी दुसऱ्या आठवड्यात ओळखलं. म्हणाल्या, आधी एक पाळी सोड, मग ये. मला पाळी सोडणं शक्य नव्हतं."

"राग नाही आला?"

"आला ना. पण तेव्हा चाकावर डोळा लागायचा माझा. खरंच सांगत होत्या."

हाकलून दिलेली बाई हाकलणारीबद्दल बरं बोलते, असं या बाकावर पहिल्यांदाच झालं होतं. कवळीवाली त्याच दिवशी दुपारी हॉस्पिटलच्या तळघरात गेली.

तिथे आंघोळीच्या खोलीएवढी धुलाईयंत्रं घरघरत होती आणि वाफेने भिंती घामेजल्या होत्या. पन्नाशी उलटलेली एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई समोरून टोक धरायला कुणी नसताना एकटीच चादरींच्या घड्या घालत होती, चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबून. तरुणपणी लांब पल्ल्याचं पोहायची, एवढंच तिच्याबद्दल कळलं होतं. भिंतीवर फोटो एकच होता, आणि तो आग लागली तर काय करावं याचा.

"ते टोक धर," बाई म्हणाल्या. घड्या घालतच चौकशी झाली. काम उभ्याने की बसून? घरात स्वयंपाक कुणाकडे? पाय कशाने मोडला? खांद्याची गोष्ट ऐकून त्या हसल्या नाहीत, फक्त "गाढव" म्हणाल्या. कोच की ती, ते कळलं नाही.

"पाण्याची भीती?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

डोकं वर काढूनच पोहते, तोंड पाण्यात गेलं की जीव घाबरतो, हे तिने नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

"आणि हे करायचंय कशासाठी?"

"दिराची जिरवायची आहे."

"चालेल," बाई म्हणाल्या. "महिनाभर पुरेल ते कारण. पुढे दुसरं शोध."

दुसऱ्या आठवड्यात बाई न सांगता दवाखान्याच्या मागच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. दहा मिनिटं तिचं काम बघितलं. ती मेणावर वाकलेली, मान पुढे, हनुवटी जवळजवळ साच्याला टेकलेली. "रोज आठ तास अशी?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टेबलाच्या पायांखाली चार विटा लावायला सांगितल्या. मान सरळ झाली नाही तर डोकं पाण्यात नीट जाणार नाही, एवढंच कारण दिलं. डॉक्टरांना टेबल उंच झालेलं आवडलं नाही. ते तसंच राहिलं.

मग तीन आठवडे पोहणं नाहीच. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, तोंड बुडवायचं आणि श्वास सोडायचा. शेजारच्या पट्ट्यात शाळकरी पोरं सपासप जात होती आणि ही बुडबुडे काढत होती. "मी काय मासा आहे का?" तिने एकदा विचारलं. "मासा बरा," बाई म्हणाल्या, "तो तोंड मिटत नाही." सायकलचं विचारलं तर म्हणाल्या, "त्यातलं मला ओ की ठो कळत नाही," आणि तिला एका टपाल वाटणाऱ्या माणसाकडे पाठवलं, जो तीस वर्षं रोज सायकल चालवत होता. आपल्याला एखादी गोष्ट येत नाही असं म्हणणारा कोच तिने त्याआधी पाहिला नव्हता. तिथपासून तिने बाईंना नावं ठेवणं निम्म्यावर आणलं.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात घरात तापाची साथ आली. आधी नवरा, मग दीर, मग ती. शर्यतीच्या दोन दिवस आधी ताप उतरला. तळघरात बाईंनी तिचं मनगट धरलं, मिनिटभर नाडी मोजली आणि म्हणाल्या, "नाही."

"ताप नाहीये आता."

"नाडी बघ तुझी. यावेळी नाही."

"वर्षभर राबलेय मी. तुम्हाला काय जातंय नाही म्हणायला?"

"मला काहीच जात नाही. म्हणूनच म्हणता येतं."

तिने बाईंना तोंडाला येईल ते ऐकवलं. सगळे कोच सारखेच, कुणी ढकलतो, कुणी अडवतो, कष्ट करणारा मधल्यामध्ये मरतो. बाईंनी ऐकून घेतलं आणि चादरींची गाडी ढकलत निघून गेल्या. ती शर्यतीत उतरली नाही. उतरली नाही हे बाईंवरच्या विश्वासाने नव्हे. रागाच्या भरात तिला दुसऱ्या दिवशी सकाळी जिना चढतानाच धाप लागली, आणि ती धाप तिला खोटी वाटली नाही.

दीर मात्र उतरला. त्याच्या कोचने सांगितलं होतं की ताप मनात असतो. ती नवऱ्याबरोबर जलाशयाच्या काठावर उभी होती. दीर पाण्यातून बाहेर आला, सायकल पुरी केली आणि धावताना तिसऱ्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसला, मग आडवा झाला. ती तिथवर गेली, तेव्हा तिला पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला, तेही जमलं नाही. तंबूत त्याला सलाईन लावलं. त्याचा कोच येऊन म्हणाला, "पुढच्या वेळी आणखी जोर लावू."

ती त्या माणसासमोर उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, "याचा डावा खांदा छान आहे. तेवढं तुम्ही नीट केलंत. आता निघा."

कोच निघाला. दीर पडल्या पडल्या हसला, मग रडला. तिच्या लक्षात आलं की याची जिरली आहे आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. दुसरं कारण शोधायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती तळघरात गेली. माफी मागणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं. तिने चादरीचं टोक धरलं. बाईंनी दुसरं धरलं. पाच महिन्यांनी दुसऱ्या गावी शर्यत होती. तिथे पाण्यात कुणाची तरी लाथ तिच्या चष्म्यावर बसली, ती पाठीवर वळली, श्वास सोडला, पुन्हा वळली आणि निघाली. धावण्यात नडगी कुरकुरली नाही. एकशे चाळिसांत तिचा एकशे बाविसावा नंबर आला. मेडल तिने पिशवीतच ठेवलं. बाई शेवटच्या रेषेवर नव्हत्या, त्यांची दुपारची पाळी होती.

संध्याकाळी फोन आला. "सायकलवरून उतरल्यावर तीन मिनिटं काय करत होतीस? टपालवाला तिथे आला होता, तो सांगत होता."

"बूट सापडत नव्हता."

"उद्यापासून बूट शोधायचा सराव," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवायच्या आधी थोड्या थांबल्या. "श्वास चांगला सोडलास."

सव्वा वर्षाच्या ओळखीत त्यांनी केलेलं हे एवढंच कौतुक. कवळीवालीने ते उलटसुलट करून पाहिलं. त्यात काही बसवलेलं दिसलं नाही.