आधी थांबवा, मग ओळखा

सीमेवरच्या आमच्या पोस्टची स्टँडिंग ऑर्डर एका ओळीची होती: संतरी प्रत्येकाला थांबवेल. एका संध्याकाळी खुद्द कमांडिंग ऑफिसरची जीप आली. शिपाई नामदेवने रायफल रोखली.

"थम! कौन आता है?"

"अरे, सीओ साहेब आहेत!" ड्रायव्हर ओरडला. नामदेव हलला नाही. साहेबांनी उतरून ओळखपत्र दाखवलं आणि त्याची पाठ थोपटली. मी त्याचा प्लाटून कमांडर. माझी छाती फुगली.

फौज सोडल्यावर बायकोच्या बँकेतल्या नोकरीमुळे आम्ही सिंगापूरला आलो. तिथल्या पाया लेबार भागातल्या एका ऑफिस बिल्डिंगची सिक्युरिटी माझ्याकडे आहे. तिथे लॉबीत दावितचा कॉफीचा स्टॉल. माणूस इथियोपियाचा, बायको इथलीच, पासिर रिस भागातली, कागदपत्रं चोख. मी सुट्टीवर पुण्याला गेलो तेवढ्यात मॅनेजर लिम यांनी हुकूम काढला: माल आणताना दावितची रोज पूर्ण तपासणी. ब्रेडवाला, फुलवाला मात्र हात हलवत आत. टेनंट्सना भीती वाटते म्हणे. काळ्या माणसाची, एवढंच तोंडाने म्हणत नव्हते. या तपासणीपायी त्याचा स्टॉल दोनदा उशिरा उघडला. करारात अट होती, तिसऱ्या उशिराला जागा खाली करायची. ऐकूनच माझं डोकं तडकलं.

परतलो त्याच सकाळी वॉकीटॉकी वाजला. लोडिंग बेवरचा, म्हणजे माल उतरवायच्या जागेवरचा, गार्ड बोलत होता.

"कंट्रोल, दावित लोडिंग बेवर. मॅनेजर म्हणतात, होल्ड हिम. ओव्हर."

"बेवर अजून कोण? ओव्हर."

"सगळेच, सर. ब्रेडवाला, फुलवाला."

"मग सगळ्यांना थांबवा. एकेक पास, एकेक खोका. आधी आला कोण?"

"दावित."

"त्याच्यापासून सुरू करा. आऊट."

दावित तपासून आत गेला. मागे गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागली. पार्किंगचा रस्ताही तोच, त्यामुळे रांगेत लिम यांचीही गाडी होती. मी स्वतः बेवर उतरलो.

"पास, सर."

"कॅप्टन, तुम्ही मला ओळखता, लाह!" वाक्याअखेरचं ते सिंगापुरी 'लाह' त्यांनी जोरात ओढलं.

"ओळखतो. दावितलाही ओळखतो."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. पास दाखवा."

चडफडत दाखवला. दुपारी मला ताकीदीचा मेमो मिळाला आणि रोज अशी रांग नको म्हणून दावितवरचा हुकूम रद्द झाला. मेमो मी फ्रेम करून घ्यायला तयार होतो.

स्टॉल वेळेत उघडला होता. दावितने पहिला कप माझ्यापुढे ठेवला.

"कॅप्टन, माझ्यासाठी नोकरी पणाला लावलीत?"

मी त्याला नामदेवचं सांगितलं. सीओंची जीप थांबवली त्यानंतरच्या हिवाळ्यात पोस्टच्या फाटकावर एक गाडी आली. रंग आमचा, वर्दी आमची. नामदेवने तिलाही थांबवलं. गाडीतून गोळीबार झाला; आमच्या वर्दीत हल्लेखोर होते. तो तिथेच पडला, पण फाटक उघडलं नव्हतं. आम्ही आतले सगळे वाचलो.