मामाची खोटी मरणं

कॉलेजात मी कादंबरी शिकवतो. भामटा नायक आला की वर्ग खूश होतो. तो गावोगाव फिरतो, कधी वैद्य होतो, कधी साधू, लोकांना हातोहात फसवतो आणि शीळ घालत पुढच्या गावाला निघतो. मुलं हसतात. मी मात्र तो भाग उरकून टाकतो. असल्या माणसाला मागे एखादी बहीण असते आणि तिचं काय होतं, हे त्या कादंबऱ्या सांगत नाहीत. मला ते ठाऊक आहे, कारण ती बहीण माझी आई आहे.

मामा बारा गावचं पाणी प्यालेला. देगलूरच्या बाजारात तो तेलुगू माणसाशी तेलुगूत बोलायचा, कानडी माणसाशी कानडीत, आणि दोघांनाही तो आपल्याच गावचा वाटायचा. बिलोलीत तो हाडवैद्य होता, देवणीत बैलांचा दलाल. उदगीरला म्हणे काही महिने कीर्तनकारही होता, आणि कीर्तन चांगलं करायचा असं लोक अजून सांगतात. स्वतः लग्न केलं नाही. इतरांची पुष्कळ जमवली, त्यातली काही टिकलीसुद्धा.

आमच्याकडे असं मानतात की कावळा डोक्याला शिवला तर माणसाचं मरण जवळ आलं. त्यावर तोड एकच. रक्ताच्या माणसाला खोटी खबर धाडायची, की अमका गेला. त्यानं ती खरी मानून रडायचं. रडून झालं की सांगायचं, काळजी करू नका, माणूस धडधाकट आहे. मरणाला वाटतं इथलं काम उरकलं, आणि ते वाट धरतं.

देवणीत मामाला कावळा शिवला तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. नांदेडला आमच्या घरी फोन आला, मामा गेले. आईनं हंबरडा फोडला. शेजारणी धावत आल्या, कुणी तिला पाणी पाजलं, कुणी मला सांगू लागलं की कुणाकुणाला कळवायचं. थोड्या वेळानं पुन्हा फोन वाजला. या वेळी मामाच होता.

"आक्का, रडलीस न्हवं? बस झालं. जित्ता हाय मी."

आईनं त्याला तोंडाला येईल ते सुनावलं आणि शेजारणींसाठी चहा टाकला. चार दिवसांनी स्वारी सीताफळांची पिशवी घेऊन दारात हजर.

यमालाही गंडवता येतं हे मामाला कळलं आणि ते त्याच्या डोक्यात गेलं. कुणाचं हाड वाकडं बसलं, कुणाला गरीब म्हणून विकलेला बैल मारका निघाला, की मामा मरायचा. शोधत आलेली माणसं खात्री करायला आईला फोन लावायची आणि तिचं रडणं ऐकून गप्प व्हायची. मेलेल्या माणसाशी कोण भांडणार?

आई दर वेळी रडली. तिला सगळं कळत होतं. मी चिडायचो. कावळाबिवळा काही नाही, तुझा भाऊ तुला वापरून घेतोय, असं तोंडावर सांगायचो. एखाद्या बारीला खराच शिवला असला तर, एवढंच ती म्हणायची. सुरुवातीला पदर डोळ्यांना नुसता लावलेला असायचा, पण मग तिला खरंच रडू यायचं, आणि ते ऐकवत नसे. काही दिवसांनी मामा यायचा. ती आधी त्याला शिव्या घालायची आणि मग गरम भाकरी वाढायची.

गेल्या साली लातूरच्या एका दवाखान्यातून फोन आला. नर्स बोलत होती. आईनं सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि तांदूळ निवडायला बसली.

मी लातूरला गेलो. मामाच होता. चादर दूर केल्यावरही मी जरा थांबलो, आता हसेल म्हणून. अग्नी मीच दिला, अस्थी मीच गोळा केल्या. घरी येऊन आईला हे सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मावशी येऊन गळ्यात पडून रडली, तरी ही कोरडीच. जाताना मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, तिला रडव बाबा, नाहीतर ती आतल्या आत संपेल.

आणि ती खरोखरच संपत चालली. जेवण सुटलं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टरांना काही सापडेना. त्यात मामाही आम्हाला सोडीना. देगलूरहून एकानं कळवलं, तुमच्या मामाला परवा मोंढ्याच्या बाजारात बघितलं. उदगीरची एक बाई म्हणाली, आमच्या गल्लीतून गेले की, ओळख दिली नाही. इतकी वर्षं मरून परत आलेल्या माणसाचं मरण कुणी खरं धरेना. मी त्याला डोळ्यांदेखत जळताना पाहिलंय. तरी दुपारी दार वाजलं की माझ्या अंगावर काटा येतो. बसस्टँडवर लांब ढांगा टाकणारा पाठमोरा म्हातारा दिसला की मी त्याच्या मागे जातो आणि पुढे होऊन तोंड बघतो. दुसराच कुणी असतो. मला भीती वाटते. तो नसल्याची की असल्याची, हे मात्र सांगता येत नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी आईनं पुन्हा ताट बाजूला सारलं आणि माझा तोल गेला. खोट्या मरणांना ऊर फुटेस्तोवर रडलीस, म्हणालो, आणि खऱ्या मरणाला एक टिपूस नाही? एकदा रड आणि मोकळी हो.

तिनं दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली,

"आजवर मी रडले की तो आला. दर बारीला आला. आता रडले आन् न्हाई आला, मंग?"