कंदुरीची कलेजी

खरं सांगते, त्या दिवशी मी अंबादेवीशी अबोला धरायच्या बेतात होते. तिच्या गावात राहून, तिच्या दारावरून रोज कॉलेजात जाऊन, माझी जीवरसायनशास्त्राची एम.एस्सी. शेवटच्या पायरीवर अडकावी, हे मला मुळीच मान्य नव्हतं. माझा प्रबंध होता बोकडाच्या कलेजीवर. कलेजीच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाचे कण असतात, पेशीचं वीजघरच म्हणा. ताजी कलेजी बर्फावर आणायची, वाटायची, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरा फिरवून ते कण वेगळे काढायचे आणि ते जिवंत आहेत, ऑक्सिजन ओढताहेत, हे दाखवायचं. दोनदा जमलं होतं. तिसऱ्यांदा जमल्याशिवाय सर सही करणार नव्हते, आणि सही नाही म्हणजे वर्ष गेलं. आमच्या विभागाचं सेंट्रिफ्यूज तर दसऱ्याची पूजा घेऊन जे बसलं ते उठलंच नाही. झेंडूचा वाळका हार गळ्यात घालून कोपऱ्यात समाधिस्थ! शेवटी सरांनी हातापाया पडून अकोल्याच्या एका प्रयोगशाळेतलं यंत्र मिळवलं, तेही एकाच दिवसापुरतं.

बर्फाचा डबा घेऊन मी बडनेऱ्याहून गाडीत बसले. बेत असा की कलेजी अकोल्यातच घ्यायची, म्हणजे ताजी राहील. उतरले तर ऊन असं, की कोंबडीनं अंडं घालावं आणि ते उकडून, सोलून, मीठ लावूनच खाली पडावं. पहिलं मटणाचं दुकान बंद. दुसरं बंद. तिसऱ्यावर पाटी होती: महावीर जयंतीनिमित्त विक्री बंद. पेशीतला कण न् कण मला तोंडपाठ, पण भिंतीवरच्या कॅलेंडरात काय लिहिलंय ते पाहिलं नव्हतं. डब्यातला बर्फसुद्धा माझ्याआधी रडायला लागला. मी त्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि देवीला मोठ्यानं सुनावलं, "माझी आई दर मंगळवारी तुझी ओटी भरते, अन् तू मला ही पाटी दाखवतेस? हरकत नाही. पण मी काही रिकाम्या हातानं परत जाणार नाही, पाहून घे!"

तेवढ्यात समोर एक ऑटो थांबला. आत पातेली, परात, चारपाच माणसं, आणि त्यांच्या मांडीवर गळ्यात हार घातलेला एक काळा बोकड. तो माझ्याकडे असा पाहत होता, जणू माझा प्रबंध वाचून आलाय. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या मावशीनं डोकं बाहेर काढलं.

"काहून वो पोरी, कोनाशी भांडून राहिली?"

"देवीशी."

"मंग बरोबर हाय. परक्याशी कोन भांडते?"

मी बोकडाकडे बोट दाखवलं. "मावशी, मले याची कलेजी पाहिजे."

"खायले?"

"नाही, फिरवायले."

मावशी इतकी हसली की ऑटो हलला. "बस," म्हणाली.

ती मंडळी शहराबाहेर पिराला कंदुरी द्यायला निघाली होती. जावयाचा मोडलेला पाय जुळला म्हणून नवस होता. तिथं निंबाखाली दर्ग्याच्या मुजावरानं फातेहा दिला, बोकड कापला गेला आणि तेव्हाच मला नियम कळला. कंदुरीचं मटण पिराच्या शिवेबाहेर न्यायचं नसतं. तिथंच शिजवायचं, तिथंच खायचं, उरलंसुरलं तिथंच पुरायचं. सगळ्यांत मोठ्यानं ओरडला तो जावई. "उद्या माहा पाय पुन्हा मोडला तं? हे पोरगी येनार हाय का प्लास्टर लावाले?" मी म्हटलं, "येते!" त्यानं ते मनावर घेतलं नाही.

मावशी उठली. पिराच्या कबरीवरच्या चादरीवर हात ठेवून डोळे मिटून उभी राहिली. मग वळून म्हणाली, "पीर म्हनते, हे पोरगी जिथंलोक जाईन, तिथंलोक माही शिव."

म्हणजे मी जाईन तिथवर पिराची हद्द. पिराचा आवाज मी काही ऐकला नाही. पण जावयानं नक्की ऐकला असावा. कारण कलेजी बर्फावर पडताच त्यानंच मोटारसायकल काढली आणि त्या जुळलेल्या पायानं अशी किक मारली की निंबावरचे कावळे थेट आमच्या गावाकडच्या भातकुलीपर्यंत उडाले असतील. प्रयोगशाळेच्या दारात मला उतरवून तो म्हणाला, "ताई, वाया घालू नको बरं. देवाचं हाय."

वाया गेलं नाही. वाटलं, गाळलं, फिरवलं. नळीच्या तळाशी तपकिरी ठिपका बसला. यंत्रावरची ऑक्सिजनची रेघ आधी सरळ चालली. मी श्वास धरून बसले. मग ती रेघ हळूच खाली झुकली आणि झुकतच राहिली. मी धरलेला श्वास ते कण घेत होते.

प्रबंधात नमुना कुठून आणला ते लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘कंदुरीचा प्रसाद.’ सर म्हणाले, "हे खोड. स्थानिक खाटीकखाना असं लिही."

"तो बंद होता, सर."

"कोणाला कळणार आहे?"

"मला. सही नाही केली तरी चालेल, पण हे खोडणार नाही." एवढ्या खटपटीनं मिळवलेलं वर्ष मी त्यांच्या टेबलावर ठेवून उभी राहिले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सही केली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या ओळीवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "उरला होता का थोडा?"

लोक मला विचारतात, हा चमत्कार की योगायोग? मला वाद घालायचा नाही, आणि वाद घालायला मी किती उत्सुक असते ते माझ्या घरच्यांना विचारा. एवढं कळलं, की मी मागत होते ते माझ्या सांगण्याप्रमाणे: या दुकानातून, या वेळेला, या डब्यात. देवीनं दिलं ते तिच्या रस्त्यानं, दुसऱ्याच्या नवसातून, दुसऱ्याच देवाच्या दारातून. मी फक्त ऑटोत बसले. त्या मावशीचं नावसुद्धा विचारायचं राहिलं. तिला रोज हात जोडते.

निकाल लागल्यावर देवळात गेले. शरण जायचं तर आपला हट्ट बाहेर चपलांपाशी काढून ठेवावा लागतो, असं मी समजत होते. देवीनं मला हट्टासकट आत घेतलं.