भाचीचे दात आणि भाऊजींची मिशी

आमच्या घराण्यात आधी दात पोचतात, मग माणूस. मी बालाघाटच्या स्टेशनावर उतरतो तेव्हा माझे दात बाहेर ऑटोवाल्याशी भाव ठरवून मोकळे झालेले असतात आणि मी अजून डब्यातून पिशवी ओढत असतो. यात अतिशयोक्ती असलीच तर चिमूटभर, तीही चवीपुरती.

हे धन माझ्या ताईला मिळालं नाही. ते तिला ओलांडून तिच्या मुलीकडे, म्हणजे माझ्या भाचीकडे गेलं. निदान भाऊजी तरी असंच सांगत. भाऊजींची राइस मिल आहे. आवाज मिलपेक्षा मोठा, आणि मिशी आवाजापेक्षा मोठी. नाकाखाली उगवून दोन्ही ओठांवर पसरलेलं ते रान होतं. चहा आधी मिशीत मुरायचा, आणि उरलासुरला घशात उतरायचा.

"आमच्या खानदानात एकाचेही दात असे नाईत," ते चारचौघांत सांगायचे. "हा मामाच्या घरचा माल हाय."

भाची वकील आहे, बालाघाटच्या कोर्टात, जिथं काम हिंदीत चालतं आणि युक्तिवादाला बहस म्हणतात. डोकं असं की ती समोर आहे कळलं की भलेभले पुढची तारीख मागतात. पण बोलताना तोंडासमोर फाइल. हसताना तर फाइल आणि वर तळहात. एकदा जजसाहेबच म्हणाले, "वकील साहिबा, बहस आप कर रही हैं या फाइल?" सारं कोर्ट हसलं. तीही हसली, फाइलीमागे. घरी आली आणि जेवायला न बसता म्हणाली, "मामाजी, मले दात सरळ करायचे हायत. माझी बहस लोकायले आयकू येत नाई. त्याइले फाइलच दिसते."

भाऊजी उसळले. "काहून? कायद्यात लिवलं हाय का, वकिलाचे दात सरळ पाहिजेत म्हणून? तुह्या मामानं बी तारा लावल्या होत्या, इचार त्याले काय झालं ते!"

काय झालं ते सांगतोच. तरुणपणी मी गोंदियाला एका डॉक्टरकडे गेलतो. तेव्हा दातांचं माप घ्यायला वाटीभर थंडगार लगदा तोंडात कोंबत आणि म्हणत, नाकानं श्वास घ्या. माझं नाक त्या दिवशी सर्दीनं बंद. लगदा असा घट्ट बसला की डॉक्टरांनी खुर्चीला पाय लावून ओढलं, तरी वाटी निघेना, खुर्ची निघाली. मग तारा आल्या. दर महिन्याला गोंदियाची गाडी, दर महिन्याला पकड, दर महिन्याला आठवडाभर वरण-भात. एका भुट्ट्यानं तार तोडली आणि मी नाद सोडला. त्यानंतर रेल्वेनं छोटी लाइन उखडून मोठी टाकली. माझे दात मात्र अजून छोट्याच लाइनवर आहेत.

पण भाचीचा चेहरा पाहिला आणि माझ्यातला मामा उठून उभा राहिला. "भाऊजी," मी म्हणालो, "भाचीबाईचे दात सरळ नाई झाले तर ही मिशी काढून टाकीन."

"कोणती मिशी?" भाऊजी माझ्या ओठाकडे वाकून बघत म्हणाले. "हौ, हाय खरी. शोधावी लागते."

"आन सरळ झाले तर तुमची!"

ताई आतून ओरडली, "दोघंही काढा! मले तरी जेवताना माणसाचं तोंड दिसल." पैज लागली. भाऊजी इतके निर्धास्त होते की त्या दिवशी त्यांनी मिशीला तेल लावलं.

बालाघाटलाच एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मी भाचीसोबत गेलो तो लगद्याच्या वाटीची वाट पाहत, अंग चोरून. वाटी आलीच नाही. बाईंनी टॉर्चएवढं यंत्र तिच्या तोंडात फिरवलं आणि समोरच्या पडद्यावर भाचीचे दात एकेक करून उगवले, गुलाबी हिरड्यांसकट. बाईंनी बोटानं चित्र फिरवलं. वरून दाखवलं, खालून दाखवलं, जिथून जिभेशिवाय कुणी कधी पाहिलं नव्हतं तिथूनही दाखवलं. मग पडद्याखालच्या पट्टीवरची एक खूण सरकवली आणि पडद्यावरचे दात चालायला लागले! बाहेर आलेले मागं सरकले, तिरपे सरळ झाले, एकमेकांना जागा देत शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे राहिले.

"हे शेवटी असे दिसतील," बाई म्हणाल्या. "सांगितल्यासारखं वागलात तर."

भाचीनं ती खूण पुन्हा मागं नेली आणि पुन्हा पुढं आणली. तिला तसं करताना पाहिलं आणि मी मनात ठरवलं: आता मिशी गेली तरी बेहत्तर, पण हे चित्र खोटं होऊ द्यायचं नाही.

तारा नव्हत्याच. काचेसारख्या पातळ प्लास्टिकच्या खोळी होत्या, वरच्या दातांना एक, खालच्यांना एक. डॉक्टर त्यांना अलाइनर म्हणत, ताई खोळच म्हणे. प्रत्येक जोडी दातांना केसभर ढकलते, मग पुढची जोडी. दिवसरात्र घालायच्या, जेवताना काढायच्या. दर आठवड्याला भाची मोबाइलवर दातांचे फोटो पाठवी, आणि डॉक्टर दवाखान्यात बसून सांगत, चालू ठेव. गोंदियाची गाडी नाही, पकड नाही. मी ज्या कामासाठी अर्धं तारुण्य रेल्वेत घालवलं, ते ही पोरगी पलंगावर बसून करत होती. थोडा जळलो, खोटं कशाला बोलू!

आणि मग किरनापूरचं लग्न आलं.

आमच्याकडे भाची म्हणजे देवी. मामाचे केस पिकले असले तरी तो भाचीच्या पाया पडतो, आणि पंगतीत तिची उष्टी पत्तल, म्हणजे पत्रावळ, उचलायला मिळाली तर ते पुण्य. भाचीनं जेवायला बसताना खोळी काढल्या. त्यांची डबी खोलीतल्या पर्समध्ये राहिलेली. म्हणून तिनं त्या कागदी रुमालात गुंडाळून पत्तलीच्या काठावर ठेवल्या. जेवण झालं, ती हात धुवायला उठली, आणि मी पुण्यावर झडप घातली. पत्तल घडी करून, कपाळाला लावून, मांडवामागं नेऊन टाकली. तिथं गाई वाटच पाहत होत्या.

भाची परत आली. "मामाजी, माही पत्तल?"

"उचलली!" मी छाती फुगवून म्हणालो.

तिचा चेहरा उतरला तेव्हा मला काय झालं ते कळलं. आम्ही मांडवामागं धावलो. तो ढीग, ती वांग्याची भाजी, त्या माश्या! मी कोपरापर्यंत हात घालून शोधलं. एक खोळ तुटलेली सापडली. दुसरी एका तांबड्या गाईच्या तोंडात होती आणि ती डोळे मिटून चघळत होती. मी आजही सांगतो, किरनापुरात त्या गाईइतके सरळ दात कोणाचेच नाहीत.

भाऊजी हसत हसत आले. "गाईले वरचे पुढचे दात नसतात, सालेसाहेब."

"मंग तर तिले जास्तच गरज होती!"

पण भाची हसली नाही. "दात मागं सरकतील, मामाजी," एवढंच म्हणाली, आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. कित्येक महिन्यांनी गेला. भाऊजींनी मिशीला पीळ दिला. "सोड आता हा नाद, बाई. देवाचीच मर्जी नाई. परत माप, परत नवीन बनवणं, कोण जाते त्या भानगडीत?"

भाचीनं वडिलांकडे पाहिलं, मग तोंडावरचा हात स्वतःच काढला आणि डॉक्टरांना फोन लावला. बाई पलीकडून म्हणाल्या, "तुझं माप माझ्याकडे आहेच की. ये, छापून देते."

"छापून?" भाऊजी म्हणाले. "दात काय लग्नाची पत्रिका हाय?" आणि खोटं पकडायच्या उत्साहात स्वतःच गाडी काढली.

दवाखान्यात पिठाच्या डब्याएवढं एक यंत्र होतं. खाली तांबूस पातळ रस, त्यात जांभळा उजेड. बाईंनी बटण दाबलं. एक पट्टी रसात बुडे, वर येई, पुन्हा बुडे. आणि हळूहळू त्या रसातून माझ्या भाचीचे दात वर आले. समुद्रमंथनात रत्नं निघाली म्हणतात, ती अशीच निघाली असणार. बाईंनी तो साचा धुतला, तापवलेला प्लास्टिकचा पत्रा त्यावर फुस्सकन दाबून बसवला, कडा कापल्या, घासल्या. दुपारी गाईनं खाल्लेल्या खोळी दिवेलागणीच्या आत भाचीच्या दातांवर टक्कन बसल्या.

भाऊजींनी यंत्राच्या मागं वाकून पाहिलं, कुणी लपलेलं आहे का. परतताना गाडीत त्यांची मिशी प्रथमच थोडी खाली झुकलेली दिसली.

शेवटची जोडी निघाली त्या दिवशी बाईंनी पुन्हा यंत्र फिरवलं आणि पहिल्या दिवसाचं चालणाऱ्या दातांचं चित्र शेजारी लावलं. ओळखू येईना, भविष्य कोणतं आणि भाची कोणती. पुढच्या बहसेला फाइल टेबलावर होती. मी मागच्या बाकावर होतो. ती बोलत राहिली आणि त्या भिंतींनी तिचा आवाज पहिल्यांदा अख्खा ऐकला. जजसाहेबांनी मान वर केली, फाइल शोधली, ती टेबलावर पडलेली पाहिली, आणि खाली बघून हसले. अर्ज मंजूर झाला. मी बाकावरच टाळी वाजवली आणि शिपायानं मला बाहेर काढलं. बाहेर काढलं जाण्यात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

भाऊजी शब्दाचे पक्के. माझ्यासमोर न्हाव्याच्या दुकानात बसले. मिशी पडली तेव्हा खाली इतकं रान जमा झालं की न्हाव्यानं दोनदा झाडू मारला. दारातून जाणारा एकजण हात जोडून म्हणाला, "अरेरे, कोन गेलं जी?"

"माही मिशी!" भाऊजी गरजले. आणि गरजताना तोंड उघडलं.

न्हाव्याचा झाडू हातातच राहिला. मिशीच्या जागी, खालच्या ओठावर आरामात रेलून, माझ्या भाचीचे जुने दात बसले होते! तेच, तसेच, तेवढेच बाहेर. इतकी वर्षं ते मिशीखाली लपून आमच्या घराण्याला नावं ठेवत होते.

घरी पोचलो. ताईनं पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. भाचीनं पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, "हा कोनाच्या घरचा माल हाय?" आणि ती हसली. हात नाही, फाइल नाही. शेजारच्या मिलचा आवाज बुडाला, ती बंद पडली की काय म्हणून हमाल बाहेर आले, असं हसली.

दुसऱ्याच आठवड्यात भाऊजी डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत होते. पडद्यावर त्यांचे दात चालून रांगेत उभे राहिले, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "म्याडम, याच्यावर मिशी लावून दाखवता येते का?"

परवा पुन्हा एका लग्नाला गेलो. भाचीचं जेवण झालं. मी सवयीनं पुढं सरकलो आणि मध्येच थबकलो.

"उचला, मामाजी," ती सगळे दात दाखवत म्हणाली. "आता त्याच्यात फक्त मिर्ची हाय."

मी पत्तल उचलून कपाळाला लावली. शेजारी भाऊजींनी आपल्या खोळींची डबी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, आणि एक डोळा माझ्यावर, एक मांडवामागच्या गाईवर ठेवला होता.